पायवाट, विद्यमान

काटोल रोडला, फेटरीच्या अलीकडे, अडीच एकर.
ह्यांनी जन्मभर सिमेंटचे पाइप विकले,
आता ह्यांना हिरवळ हवी होती.

पहिला आला तो टॅबलेट घेऊन.
बोटानं सरकवत गेला, दुबई, सिंगापूर, पुन्हा दुबई.
तिथला खजूर आमच्या फाटकाशी उभा करून
म्हणाला, सर, इमॅजिन करा.
ह्यांनी केलं.
मी सांभारवड्या आणल्या, त्यानं चार खाल्ल्या.

दुसऱ्यानं कारंज्याचा भाव सांगितला,
लॉनला रोज किती टँकर लागतील ते नाही.
सत्तेचाळीस अंशांत
ते मेक्सिकन गवत काय पिऊन राहणार, बावा,
असं अगदी जिभेवर आलं होतं.
पण मुलाखत ह्यांची होती.

तिसरी, शेवंती उईके,
दुपारी दोनला आली. मे महिन्यात.
ऊन असतं, संध्याकाळी या, असं हे फोनवर म्हणाले होते.
म्हणून तर, ती म्हणाली.
डोक्याला पांढरा दुपट्टा गच्च बांधलेला,
पायात कॅनव्हासचे बूट, हातात लोखंडी गज.
जमिनीच्या भेगेत तिनं गज सोडला,
तो वीतभर आत गेला.
काळी माती, म्हणाली,
पाणी प्यायली की फुगेल
आणि तुमची इटालियन फरशी उचलून देईल.
ह्यांनी फरशीची पावती आठवली असावी,
चेहरा तसा झाला.

मग तिनं आम्हाला सोडून गोमाजीला विचारलं,
कुत्रं दुपारी कुठं झोपतं?
चौकीदारानं मोहाचं झाड दाखवलं.
तेवढं एक तोडायचं राहून गेलं होतं.
तिनं वहीत फुली मारली.

आणि इथून कोण चालतं?

वाळक्या कुसळीत एक रेघ,
फाटकापासून, पंपाच्या खोलीला वळसा घालून, मोहापर्यंत.
कायले चालन कोनी इथं, हे म्हणाले,
कंपाउंड हाये चारी बाजूनं.
गोमाजीनं स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.
मी कप गोळा करत होते, गोळा करत राहिले.

अकरा महिने.
घराचं काम चालू होतं तेव्हा
पोकलेन थांबला की, साडेसहाला, रोज.
कधी बहिणीशी बोलत,
कधी कोणाशीच नाही,
नुसता फोन कानाला लावून.

तिनं पुन्हा विचारलं नाही.
टेपचं एक टोक गोमाजीला धरायला दिलं.
मोहापाशी ती रेघ पसरट झाली होती, परातीएवढी.
इथं थांबतात, ती स्वतःशीच म्हणाली,
परत फिरायच्या आधी.

तीन आठवड्यांनी अंदाजपत्रक आलं.
लॉन नाही. कारंजं नाही.
कडुनिंब, चारोळी, बहावा,
सावली : सातव्या वर्षापासून.
ह्यांनी टेबलाखाली बोटं मोजली.
अडुसष्ट अधिक सात.
काही बोलले नाहीत, पान उलटलं.

अनुक्रमांक चौदा :
पायवाट, एकशे शहाऐंशी फूट, विद्यमान.
खर्च : निरंक.

चष्मा कपाळावर गेला.
मुरमाचे लाख लावून राहिली ही बाई
अन् हे फुकट?
विद्यमान म्हंजे?

म्हणजे आहे ती.

कोनाची?

मी कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.
पाइप धरून खिडकीतून पाहिलं तर
हे बाहेर, ऑफिसच्याच बुटांत,
पावलं मोजत.
पंपाच्या खोलीपाशी मोजणी चुकली,
मागे आले, पुन्हा सुरू केली.
मोहाखाली, त्या पसरट जागी, थांबले.
वळले.
तिथून आमचं घर केवढं दिसतं
ते मला पाठ आहे.
हे बराच वेळ पाहत राहिले.

कूलर भरून वाहायला लागला, माझे पाय ओले.
तिथूनच ओरडले,
अगं, ॲडव्हान्स
चेकनं चालन का तिला?